एका ताग्यातली भावंडं

दिवाळीच्या आधी कुठल्याही कापडबाजारातून चक्कर मारली, की लहान मुलांच्या दुकानांत जोड्या टांगलेल्या दिसतात. मोठ्या भावाचा आणि धाकट्याचा एकाच रंगाचा कुर्ता, बहिणीला त्याच कापडाचा परकर-पोलका किंवा पैठणीच्या काठाचा फ्रॉक, आणि हल्ली आईवडिलांसाठीही त्याच छापाची साडी आणि सदरा. ‘फॅमिली कॉम्बो’ म्हणून असे संच मांडलेले असतात आणि त्यांना चांगली मागणी असते. भावंडांना एकसारखे कपडे घालण्याची हौस नवी नाही आणि तिच्याविषयीची मतंही नवी नाहीत. काहींना त्यात माया दिसते. सारखं दिलं की भांडण होत नाही, भावंडांत एकी राहते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूच्या लोकांना यात मुलांची गळचेपी दिसते. प्रत्येक मूल वेगळं असतं, त्याला दुसऱ्याची प्रत बनवू नका, असं ते बजावतात. मला वाटतं, दोन्ही बाजू कापडाच्या अंगी नसलेली ताकद त्याला चिकटवतात. शर्टामुळे भावंडं जवळ येत नाहीत आणि शर्टामुळे ती एकमेकांसारखी होतही नाहीत. पाहायचं ते हे, की हा सारखेपणा कोणासाठी आहे. मुलांमध्ये वाटणी न्यायाने व्हावी म्हणून, की पाहणाऱ्याला चित्र देखणं दिसावं म्हणून? हे दोन हेतू वरून सारखे दिसले तरी मुलावर त्यांचा परिणाम सारखा होत नाही. आणि गेल्या दोन पिढ्यांत आपल्या घरांतून पहिला हेतू जवळपास निघून गेला आहे.

मराठी मध्यमवर्गीय घरांत ही रीत हौसेपेक्षा हिशेबातून रुजली. तयार कपडे सर्रास मिळू लागण्याआधी वर्षाचे नवे कपडे म्हणजे दिवाळीचे कपडे, आणि ते शिंप्याकडून शिवून घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आलं, कापड रेशनवर गेलं आणि मिळेल ते घेण्याची सवय घराघरांत मुरली. पुढे टंचाई ओसरली तरी काटकसर राहिली. दुकानातून पॉपलीनचा किंवा छापील कॅम्ब्रिकचा मोठा तुकडा एकदम घ्यायचा आणि त्यात घरातल्या सगळ्या मुलांचं भागवायचं, हे व्यवहाराला धरून होतं. कापड बेतणाऱ्याला त्याचं कारण नेमकं ठाऊक असे. छत्तीस इंच पन्ह्याच्या कापडावर मोठ्या मुलीच्या फ्रॉकचा घेर आधी आखला, की कडेला एक चिंचोळी पट्टी उरते. तिच्यात मोठीच्या बाह्या बसल्या नाहीत तरी धाकटीच्या बसतात. पाठीचा भाग कापल्यावर गळ्याशी उरलेल्या तुकड्यातून धाकटीची कॉलर निघते. मुलग्यांच्या सदऱ्यांतून वाचलेल्या कापडाचे खिसे होतात. हेच दोन वेगवेगळ्या कापडांतून शिवलं तर दोन्हींच्या चिंध्या होणार आणि पैसे जास्त जाणार. काही घरांत तर दिवाळीआधी शिंप्यालाच मशीनसकट ओसरीवर बसवत आणि तो दोन-चार दिवसांत सगळ्या पोरांचे कपडे उरकून जाई. त्याने खाली सोडलेला चांगला चार बोटं रुंद दाब पुढच्या वर्षी उसवून फ्रॉक लांब केला जाई.

या हिशेबाला आणखी एक पदर होता आणि तो मला पैशाहून महत्त्वाचा वाटतो. एकत्र कुटुंबात मुलांचे कपडे हा जावाजावांमधला नाजूक विषय असे. एकीच्या मुलीला झुळझुळीत रेशमी कापड आणि दुसरीच्या मुलीला जाडंभरडं, असं झालं तर त्याची सल वर्षानुवर्षं राहणार. घरातल्या कर्त्या बाईने एकाच ताग्यातून सगळ्यांना कापड फाडून घेतलं की प्रश्नच मिटला. कमावत्या दिराची मुलगी आणि नोकरी गेलेल्या दिराची मुलगी लक्ष्मीपूजनाला एकाच फुलांच्या फ्रॉकमध्ये बसत. कोणाचा बाप किती मिळवतो, हे अंगावरच्या कपड्यांवरून कळू नये, याची ती तजवीज होती. शाळेच्या गणवेशामागेही हाच विचार आहे. या सारखेपणात दिखाऊ काही नव्हतं. त्याने घरातल्या दुबळ्या माणसाची लाज राखली आणि म्हणून त्याची आठवण जुन्या माणसांना इतकी सुखाची वाटते.

पण या वाटणीतही एक फट होती आणि ती बहुतेक वेळा शेंडेफळाच्या वाट्याला यायची. मोठीचा फ्रॉक तिला आखूड झाला की धाकटीकडे येई, ही तर रीतच. आता दोघींचे फ्रॉक एकाच कापडाचे असतील तर काय होतं पाहा. धाकटीने स्वतःचा निळ्या फुलांचा फ्रॉक दोन वर्षं वापरलेला असतो. तो आखूड होतो न होतो तोच ताईचा निळ्या फुलांचा फ्रॉक तिच्या अंगावर चढतो आणि पुढची दोन वर्षं तीच फुलं राहतात. तिसरी बहीण असली तर तिचं बालपण त्या एका छापातच जातं. दिवाळीच्या सकाळी वाटणी चोख बरोबरीची होती. पुढच्या चार वर्षांत मात्र एकीला दोन-तीन नवे कपडे मिळाले आणि दुसरीला एकच छाप. एकसारखं देणं आणि न्यायाने देणं यांतलं अंतर इथे उघडं पडतं आणि तो धागा पुढे पुन्हा लागणार आहे.

युरोपातल्या राजघराण्यांत या प्रथेचं दुसरं रूप दिसतं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४६ मध्ये आपल्या चार वर्षांच्या मुलाला खलाशाचा छोटासा पोशाख घातला. त्या वेशातलं त्याचं चित्र गाजलं आणि पुढची कित्येक दशकं युरोपभरच्या मुलांच्या अंगावर खलाशाची रुंद कॉलर आली. रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस याच्या चार मुलींना त्यांची आई जोड्याजोड्यांनी सारखे कपडे घालत असे. ओल्गा आणि तातियाना ही ‘मोठी जोडी’, मारिया आणि अनास्तासिया ही ‘धाकटी जोडी’. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पोशाखातल्या छायाचित्रांच्या प्रती घरोघर जात. राजघराण्याला कापड पुरवून वापरायचं कारण नव्हतं आणि जावांची समजूतही काढायची नव्हती. या सारखेपणाचं काम प्रजेला एक सुंदर, एकसंध कुटुंब दाखवणं हे होतं. पॅरिसमध्ये जान लान्व्हां या शिवणकामातल्या कर्तबगार बाईने आपल्या लेकीसाठी शिवलेल्या कपड्यांतूनच १९०८ मध्ये मुलांच्या कपड्यांचा विभाग सुरू केला. त्या पेढीचं बोधचिन्ह आजही सारख्या थाटातल्या मायलेकींचं आहे. म्हणजे आजच्या ‘कॉम्बो’चं मूळ ताग्यापेक्षा या दुसऱ्या परंपरेत शोधावं लागेल.

ही परंपरा टोकाला गेली की काय होतं, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण कॅनडातल्या दियोन बहिणींचं आहे. ओंटारियो प्रांतातल्या एका गरीब शेतकरी घरात २८ मे १९३४ रोजी पाच एकसारख्या मुली एकाच वेळी जन्मल्या आणि पाचही जगल्या. पाच जुळ्या जगल्याची तोवर नोंद नव्हती. प्रांत सरकारने त्यांना आईवडिलांकडून काढून आपल्या ताब्यात घेतलं आणि घरासमोरच त्यांच्यासाठी वेगळी वास्तू बांधली. मुली खेळायच्या त्या अंगणाभोवती जाळीआड रांगेने फिरत लोक त्यांना पाहून जात. १९३६ ते १९४३ या काळात सुमारे ३० लाख माणसं पाहून गेली. एका घाटाचे झगे, सारख्या टोप्या, सारखी केशरचना अशा थाटात पाचही जणी ओटच्या, साबणाच्या आणि दंतमंजनाच्या जाहिरातींत झळकल्या. ओळखता याव्यात म्हणून प्रत्येकीला एक रंग आणि एक चिन्ह नेमून दिलेलं होतं. ॲनेतचा लाल, सेसिलचा हिरवा, एमिलीचा पांढरा, मारीचा निळा आणि इव्होनचा गुलाबी. हा तपशील वाचताना मन विषण्ण होतं. रंग प्रत्येकीचा वेगळा होता, पण तो तिने निवडलेला नव्हता. सांभाळणाऱ्यांच्या सोयीची ती खूण होती. १९९७ मध्ये अमेरिकेत एका बाईला एकाच वेळी सात मुलं झाली, तेव्हा हयात असलेल्या तिघी दियोन बहिणींनी त्या आईवडिलांना उघड पत्र लिहिलं आणि मुलांचा तमाशा होऊ देऊ नका, असं कळकळीने विनवलं. पुढच्या वर्षी ओंटारियो सरकारने त्यांना ४० लाख डॉलरची भरपाई दिली. त्यांच्या दुःखाला सारखे झगे कारण नव्हते, हे मी आवर्जून नोंदवतो. लहानपण हिरावलं गेलं, घरापासून तोडलं गेलं, हे खरं कारण. सारखे झगे त्या व्यवहाराचं साधन होते. पाहणाऱ्याची नजर पाच मुलींवर न ठरता ‘पाच’ या आकड्यावर ठरावी, यासाठी ते हवे होते.

आता ज्यांना वाटतं की सारख्या कपड्यांमुळे मुलांचं व्यक्तिमत्त्व पुसलं जातं, त्यांच्या शंकेकडे वळू. तिचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन लोहलिन आणि रॉबर्ट निकोल्स यांनी शाळेच्या अखेरच्या वर्षांतल्या जुळ्या मुलांच्या ८५० जोड्यांचा अभ्यास करून १९७६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. लहानपणी या मुलांना सारखे कपडे घातले का, ती एकत्र खेळली का, एका खोलीत झोपली का, एका वर्गात बसली का, हे त्यांनी पालकांना विचारलं. मग ज्या जोड्यांना अधिक सारखं वागवलं गेलं, त्यांचे स्वभाव एकमेकांच्या अधिक जवळ आले का, हे तपासलं. तसा संबंध जवळजवळ आढळलाच नाही. सारख्या सदऱ्यात वाढलेली जुळी वेगळ्या सदऱ्यात वाढलेल्यांइतकीच एकमेकांहून वेगळी निघाली. तेव्हा गळचेपीची भीती या अर्थाने खोटी ठरते. मात्र या अभ्यासाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. स्वभाव बदलला का, एवढंच तो सांगतो. सारख्या कपड्यांत त्या मुलांना कसं वाटत होतं, हे त्यांना विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे सारख्या कपड्यांनी एकी होते हे म्हणणंही तपासून घ्यावं. रेबेका बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. उन्हाळी शाळेतल्या सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट वाटले गेले. काही वर्गांत शिक्षकांनी त्या रंगांचा रोज वापर केला. निळे इकडे बसा, पिवळे रांगेत आधी उभे राहा, असं चाललं. तिथल्या मुलांना थोड्याच दिवसांत आपला रंग सरस वाटू लागला. इतर वर्गांत मुलांच्या अंगावर तेच शर्ट होते, पण शिक्षकांनी रंगाची दखल घेतली नाही. तिथे असा पक्षपात दिसला नाही. पुढे २०११ मध्ये पाच वर्षांच्या मुलांवरच्या एका प्रयोगात नुसता आपल्या रंगाचा शर्ट पाहूनही मुलं त्या गटाकडे झुकल्याचं आढळलं. म्हणजे रंगाची काही ओढ असते, हे मान्य. पण ती टिकते आणि फोफावते ती मोठ्या माणसांच्या वागण्यावर. घरात दादाचं आणि धाकट्याचं जमत असेल तर सारखा कुर्ता त्यात थोडी मजा आणेल. जमत नसेल तर कुर्त्याने काही सांधलं जाणार नाही.

आपल्या घरांत मोठी माणसं या सारखेपणाचा जो वापर करतात, तो बऱ्याचदा तुलनेचा असतो आणि माझ्या मते खरी इजा तिथे होते. दोन बहिणींना वेगळे कपडे घातले तर पाहणारा म्हणतो, हिचा फ्रॉक छान आहे, तिचा घागरा छान आहे. दोघींना एकच लिंबू रंग घातला की नजरेला फरक करायला कपडा उरत नाही, मुलीच उरतात. मग मामी, आत्या, शेजारच्या काकू यांच्या तोंडून ‘हा रंग हिला खुलतो, तिला जरा मळकट वाटतो’ असं सहज निघून जातं. एक गोरी, एक सावळी, एक शेलाटी, एक अंगाने भरलेली, हे सगळं त्या एका रंगाच्या पार्श्वभूमीवर ठळक होतं. वर्णाचं वेड असलेल्या आपल्या समाजात ही बारीक गोष्ट नाही. ज्या सावळ्या मुलीसाठी मुद्दाम विचार केला असता तर तो रंग निवडलाच नसता, तिला तो फक्त गोऱ्या बहिणीला शोभतो म्हणून घालावा लागतो. फोटोला छान दिसणारी जोडी करताना दोघींपैकी एकीचं पारडं हटकून हलकं होतं, आणि तिला ते कळतं. आरशातलं मूल म्हणजे आपण, हे बाळाला साधारण दीड ते दोन वर्षांदरम्यान उमगतं. बहीण जास्त छान दिसते, असं लोक म्हणतात, हे कळायला त्यानंतर फार वर्षं लागत नाहीत.

यावर सगळ्यात जोरकस आक्षेप असा येतो, की सारखं दिलं नाही तर मुलं भांडतात. हे खरं आहे, पण अर्धं. अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ मध्ये भावंडांशी बोलून पाहिलं. आईवडील आमच्यापैकी एकाला वेगळं वागवतात, हे मुलांनी सांगितलं. पण त्यातलं बहुतेक वेगळं वागणं त्यांना अन्यायाचं वाटत नव्हतं, कारण दोघांची वयं वेगळी, गरजा वेगळ्या, हे त्यांना समजत होतं. मुलं मोजतात हे खरं, पण ती नुसता कपडा मोजत नाहीत. कोणाला विचारलं गेलं आणि कोणाला नाही, हेही ती मोजतात. निळ्या फुलांच्या फ्रॉकमधल्या धाकटीचा हिशेब आठवा. तिला दुसरा फ्रॉक मिळाला असता, भले तो स्वस्तातला असता, तर तिची वाटणी जास्त न्यायाची झाली असती. पूर्वी कापड एकाच ताग्यातून घ्यावं लागे. आज त्याच पैशांत दोन रंगांचे दोन कुर्ते मिळतात. काटकसरीचं कारण संपलं तेव्हा सारखेपणाची सक्तीही संपायला हवी होती.

दुसरा आक्षेप लाघवी आहे. मुलांनाच हे आवडतं, धाकटा रडून हट्ट करतो की दादासारखाच शर्ट हवा. हे अगदी खरं आहे आणि अभ्यासांतूनही दिसतं. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजमधल्या ४० कुटुंबांतल्या भावंडांचं घरी जाऊन निरीक्षण केलं. त्यात धाकटं मूल मोठ्याची नक्कल किती करतं, हे ठळकपणे पुढे आलं. मात्र मोठ्याचं मन वेगळेपणाकडे धावत असतं. फ्रान्सिस शॅक्टर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं, की पाठोपाठची भावंडं, त्यातही पहिली दोन आणि दोन्ही भाऊ किंवा दोन्ही बहिणी असतील तर, आपण दुसऱ्याहून वेगळे आहोत असं हट्टाने ठरवतात. एकाने चित्रकला धरली की दुसरा क्रिकेट धरतो. असं करून ती तुलनेतून आणि चुरशीतून सुटका करून घेतात. तेव्हा ‘मुलांना आवडतं’ असं एकदम म्हणता येत नाही. सहा वर्षांच्या धाकट्याला आवडतं आणि दहा वर्षांच्या मोठ्याला वर्गमित्रांसमोर लाज वाटते, हे एकाच घरात एकाच सकाळी खरं असू शकतं. अशा वेळी धाकट्याचा हट्ट मोठ्याने पुरवायचा का, हे मोठ्यालाच ठरवू द्यावं. तो कधीकधी आपणहून हो म्हणतो आणि त्या होकाराचं धाकट्याला अप्रूप जास्त असतं.

जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर, प्रवासात मुलं पटकन दिसावीत म्हणून सारखा भडक रंग घालणाऱ्यांशी माझा काही वाद नाही. एक चुकलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवून ‘असाच शर्ट’ सांगता येतं, हा फायदा खरा आहे. एकसारख्या जुळ्यांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटतो. कोणाला औषधाचा डोस देऊन झाला आणि कोणाचा राहिला, याचा घोळ होऊ नये म्हणून पालक एकाच्या पायाच्या नखाला रंग लावतात किंवा मनगटाला दोरा बांधतात. शाळेत बाईंना हाक मारता यावी, यासाठी दोघांची दप्तरं आणि रिबिनी तरी वेगळ्या असलेल्या बऱ्या. ज्या मुलाला दिवसभर ‘तू कोणता रे?’ असं विचारलं जातं, त्याचा स्वभाव बदलत नसेलही, पण त्याचा दिवस नक्कीच खराब जातो.

राहिला फोटोंचा प्रश्न. पूर्वीची दिवाळीची छायाचित्रं घरच्या अल्बममध्ये राहत. आज तीच समाजमाध्यमांवर जातात, अनोळखी माणसं ती पाहतात, आणि काही घरांत सारख्या कपड्यांतली भावंडं कपडे विकण्याचं साधनही होतात. फ्रान्सने १९ फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने मुलाच्या छायाचित्राचा हक्क आईवडिलांनी जपावा आणि मुलाच्या वयाप्रमाणे त्यालाही या निर्णयात सामील करून घ्यावं, असं ठरवलं. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण छायाचित्र पालकच टाकत असतील तर संमती देणारा आणि वापरणारा एकच होतो आणि मुलाच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. म्हणून घरातच ते विचारावं लागेल. चार वर्षांच्या मुलासमोर दोन कुर्ते धरले तर ते बोट दाखवू शकतं. आठ वर्षांच्या मुलाला कारणही सांगता येतं. एकाच कापडाचा एकाला सदरा, दुसऱ्याला बंडी, तिसरीला ओढणी असा मार्ग शिंप्यांना चांगला माहीत आहे. त्यात घरची जोडीही साधते आणि प्रत्येकाचं वेगळेपणही राहतं. आणि यंदा एखाद्याने मला हा रंग नकोच म्हटलं, तर त्याला त्याच्या आवडीच्या शर्टात सगळ्यांच्या शेजारी उभं राहू द्यावं आणि फोटो तसाच काढावा.